वाट नसलेल्या डोंगरावर आधी उतरायचं कसं ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याचे पाच जण, तिशी ते पन्नाशीतले. पावागढ दरवर्षी पायी करतात, राजगड आणि हरिश्चंद्रगड झालेले आहेत. डिसेंबरात कच्छला जाऊन तिथल्या कोरड्या, पायवाट नसलेल्या डोंगरांपैकी एखादा एका दिवसात चढून उतरायचा आहे. धिणोधर आणि काळो डुंगर ही दोन नावं मनात आहेत. पाणी किती न्यायचं, दिशा कशी सांभाळायची, वाटाड्या लागेल का, आणि बारा वर्षांच्या भाच्याला नेता येईल का?

बेत चांगला आहे आणि झेपेल असाही आहे. पण तुमचा अनुभव सह्याद्रीचा आहे, आणि कच्छात नेमका तोच थोडा आडवा येतो. सह्याद्रीत वाट सोडली की डोंगर लगेच अडवतो. कारवी अंगावर येते, कडा समोर उभा राहतो, आपण मुकाट्याने मागे फिरतो. कच्छात अडवणारं काही नाही. झाडी तुरळक, डोंगर बुटके, माथा गाडीतूनच दिसतो. कुठूनही चढता येतं, त्यामुळे माणूस कुठूनही चढतो. आपण कुठून आलो हा प्रश्न त्याला माथ्यावर पोचल्यावर पडतो.

चढताना डोंगराच्या सगळ्या सोंडा, म्हणजे माथ्यावरून पायथ्याकडे उतरणाऱ्या धारा, एकमेकींच्या जवळ येत माथ्याला मिळतात. म्हणजे चढताना तुम्ही थोडे चुकलात तरी डोंगरच तुम्हाला माथ्याकडे ओढून नेतो. उतरताना उलटं होतं. त्याच सोंडा वरून फाकत जातात. माथ्यावर वीस पावलं डावीकडे सरकून उतरायला लागलात तर पायथ्याला गाडीपासून दीड-दोन किलोमीटर लांब निघाल, आणि मध्ये एखादी खोल घळ असेल. म्हणून मी कोणत्याही नव्या डोंगराचा आराखडा उतरणीपासून सुरू करतो: कुठल्या सोंडेने उतरायचं, ती वरून ओळखायची कशी, तिच्या तळाशी काय आहे. हे ठरलं की चढायचं त्याच सोंडेने, म्हणजे परतीची वाट चढतानाच पाहून होते. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबा, मागे वळा आणि मोबाइलवर एक फोटो काढा. येताना तोच डोंगर उलट्या बाजूने दिसणार असतो. ओळखीचा दगड, एकटं झाड, कातळाचा रंग बदलतो ती जागा हे फोटोत असलं पाहिजे. सूर्यास्ताचे फोटो नंतर काढा.

घळी मोहात पाडतात. त्या सावलीच्या असतात, सरळ दिसतात, आणि खाली जाताना एकमेकींना मिळत जातात, त्यामुळे ‘घळ धरली की पायथा येणारच’ असं वाटतं. पायथा येतो, पण मध्ये कोरडे धबधबे असतात. पावसाळ्यात पाणी जिथून कोसळतं तिथे हिवाळ्यात तीन-चार पुरुष उंचीची गुळगुळीत भिंत उरते. वरून ती दिसत नाही, काठावर आल्यावरच कळते. मग पुन्हा वर चढायचं, तेही दुपारी, पाणी संपत आलेलं असताना. अनोळखी घळीने उतरू नका, एवढा नियम ठेवा.

आता कच्छच्या डोंगरांची एक गोष्ट, जी नकाशा बघताना फार उपयोगी पडते. तिथल्या बऱ्याचशा डोंगररांगा एका कुशीवर कललेल्या आहेत. भूगर्भातल्या मोठ्या भेगांच्या बाजूने जमीन उचलली गेली, त्यामुळे उत्तरेची बाजू कड्यासारखी तुटलेली आणि दक्षिणेची बाजू थरांच्या उताराने हळूहळू खाली गेलेली. रणातल्या पच्छम बेटावरच्या काळ्या डुंगराचं हेच रूप आहे: रणाच्या बाजूला एकदम खाली, दक्षिणेला लांबट उतार. त्यामुळे दक्षिणेकडून आरामात चढून काठाशी उभं राहता येतं, आणि समोर पांढरं रण दिसल्यावर काहींना उत्तरेकडून उतरायची लहर येते. ती लहर मोडून काढायची. दगडही बघा. खाली ज्युरासिक काळातले वाळूचे खडक आणि शेल, म्हणजे चिखलाचा पातळ थरांचा खडक, तर मुख्य भूमीवर दक्षिणेकडे त्यांच्यावर आपल्या ओळखीचा काळा बेसॉल्ट. वाळूच्या खडकाचे कंगोरे हातात येतात. बेसॉल्टच्या भरवशाने त्यांना लटकू नका. शेल तर पायाखाली पत्र्यासारखा सरकतो. शिंपले आणि अमोनाइट या गोल शंखाच्या जुन्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म दिसतील. पहा, फोटो काढा, आणि जागच्या जागी ठेवा.

दोन नावांपैकी पहिलं धिणोधर घ्या. नखत्राणा तालुक्यात, सुमारे 385 मीटर उंच, ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला काळा दगड. दुरून एकटा उभा दिसतो, त्यामुळे दिशा चुकण्याची भीती कमी. वर धोरमनाथांचं स्थान, पायथ्याला थान गावात कानफाट्या जोग्यांचा मठ. बारा वर्षं डोक्यावर उभं राहून तप केलेल्या धोरमनाथांनी डोळे उघडून जिकडे पाहिलं तिकडचा समुद्र आटून रण झालं, अशी कथा आहे. देवळापर्यंत भाविकांची वाट आहे. तुम्हाला वाट नसलेला डोंगर हवाय हे माहीत आहे, तरीही पहिल्या सकाळी या वाटेनेच चढा. वरून आजूबाजूच्या टेकड्या, ओढ्यांची कोरडी पात्रं, गाड्यांचे रस्ते सगळं नकाशासारखं उलगडतं. तिथे बसून दुसऱ्या दिवसाची टेकडी निवडा, तिची उतरायची सोंड निवडा, कागदावर काढून ठेवा. हा एक दिवस वाया गेला असं कुणी म्हणालं तर त्याला खुशाल रणोत्सवाच्या तंबूत पाठवा.

काळो डुंगर कच्छातला सर्वांत उंच, पण तोही 460 मीटरच्या आसपासच. माथ्यावर दत्ताचं देऊळ आहे, तिथे कोल्ह्यांना प्रसाद घालायची जुनी रीत आहे, आणि गाडीरस्ता थेट वरपर्यंत जातो. पाहायला जरूर जा, मराठी माणसाला कच्छच्या टोकावर दत्तगुरू भेटल्याचं अप्रूप वाटतंच. मात्र वाट सोडून भटकायला ही जागा मी सुचवणार नाही. पलीकडे मोठं रण आणि सरहद्द आहे, सीमा सुरक्षा दलाचा पहारा असतो, आणि पाठीवर बोजे घेऊन कड्याखाली फिरणारी पाच माणसं दुर्बिणीतून कशी दिसत असतील याचा विचार करा. त्या भागात जाताना प्रत्येकाजवळ फोटोचं ओळखपत्र हवं, पांढऱ्या रणाकडच्या रस्त्याचा परवाना भिरंडियारा गावात काढावा लागतो, आणि रस्ता सोडून कुठे चढायचं असेल तर आधी खावड्याच्या पोलिसांना विचारा. ड्रोन घरी ठेवा. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परदेशातल्या नातेवाइकाने दिलेलं असलं तरी नेऊ नका. आपल्या देशात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे.

याच काळ्या डुंगराच्या रस्त्यावर एके ठिकाणी बंद गाडी आपोआप चढावर जाते असं सांगतात. तो डोळ्यांचा खेळ आहे. आजूबाजूचे उतार असे आहेत की उताराचा रस्ता चढ वाटतो. डोळ्यांची हीच फसवणूक तुम्हाला पायी फिरताना दिवसभर भोगावी लागते. कोरड्या, स्वच्छ हवेत लांबचं जवळ दिसतं, मोजायला मध्ये झाड-घर काही नसतं. पायथ्याहून दिसणारा माथा बहुतेक वेळा माथा नसतोच, त्याच्या मागे आणखी एक असतो, कधी कधी त्याच्याही मागे. ‘अर्ध्या तासात पोचू’ हे वाक्य गटात उच्चारायला बंदी करा. वेळ नकाशावर मोजा.

मोजायची रीत जुनी आहे. 1892 साली नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने घातलेला हिशेब: दर 5 किलोमीटरला एक तास, वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. हा धडधाकट माणसाचा, बऱ्या वाटेवरचा हिशेब. वाट नसेल तर मी तो दुप्पट करतो. समजा तुमची टेकडी जाऊन-येऊन 8 किलोमीटर आणि चढाई 350 मीटर. नाइस्मिथ म्हणेल सव्वादोन तास. दुप्पट केले, साडेचार. काटे काढणं, खाणं, फोटो, वाद यांचा दीड तास. झाले सहा. कच्छात डिसेंबरात सूर्य सव्वासातनंतर उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो, बडोद्यापेक्षा साधारण पंधरा मिनिटं उशिरा. साडेसातला गाडी सोडली तर दीड-दोनपर्यंत परत. हातात चार तास उरतात, ते तसेच उरू द्या. त्यात दुसरी टेकडी बसवू नका. साडेबारा ही परत फिरायची वेळ ठरवा. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी साडेबाराला फिरायचं. हा निर्णय आदल्या रात्री घ्यायचा, कारण माथ्याखाली उभं राहून तो कुणालाच घेता येत नाही. प्रत्येकाच्या पिशवीत डोक्याला लावायचा दिवा मात्र हवाच, दिवसाची चढाई असली तरी.

पाण्याचं उत्तर आकड्यात देतो: माणशी 4 लिटर. तासाला अर्ध्या लिटरप्रमाणे सहा तासांचे 3, आणि एक लिटरची बाटली वेगळी बांधून ठेवायची, गाडी डोळ्यांना दिसेपर्यंत तिचं झाकण उघडायचं नाही. वापरायच्या तीन लिटरपैकी निम्मं संपलं की, घड्याळात कितीही वाजलेले असोत, परत फिरायचं. उतरताना कमी पाणी लागतं असं वाटतं. पण उतरणीची वेळ दुपारची, ऊन कडक आणि वारा कोरडा. घाम लागलीच वाळतो, म्हणून तो आलाच नाही असं वाटतं. डिसेंबरातही हे होतं. डोंगरावर पाणी मिळेल हा हिशेब करूच नका; ओढे कोरडे असतात आणि जी तळी दिसतात ती गुराढोरांची असतात. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, मीठ जातं. ओआरएसची पाकिटं घ्या, नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. खाण्यात दशम्या, गूळ, शेंगदाणे, खजूर, थेपले. बडोदेकर म्हणून लीलो चेवडो पिशवीत येणारच, पण तो आणि भाकरवडी गाडीत ठेवा. वर नेलीत तर ती पाणी मागतील. गाडीत वीस लिटरचा एक जार वेगळा.

दिशेसाठी मोबाइलवर आधीच उतरवून घेतलेला नकाशा, त्यात गाडीची जागा खूण करून ठेवलेली, फोन विमान मोडवर, सोबत पॉवर बँक. एवढ्याने बहुतेक काम होतं. फोनची खोड एकच: तो सरळ रेघ दाखवतो, आणि त्या रेघेत कडा आहे की घळ हे त्याला माहीत नसतं. म्हणून साधं होकायंत्र आणि छापील नकाशाही घ्या. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशाचाच फरक आहे, तो विसरलात तरी चालेल. सावलीवरून दिशा पाहणाऱ्यांसाठी एक सूचना: कच्छ आपल्या प्रमाणवेळेच्या रेषेपासून इतकं पश्चिमेला आहे की डिसेंबर-जानेवारीत सूर्य बाराला नव्हे, पाऊण ते एकच्या सुमारास बरोबर दक्षिणेला येतो. सावली तेव्हाच नीट उत्तर दाखवते.

परतीची एक युक्ती मी प्रत्येक नव्या गटाला शिकवतो. गाडी रस्त्याच्या कडेला उभी आहे, तर उतरताना नेम गाडीवर धरू नका. मुद्दाम दोनशे-तीनशे मीटर डावीकडे नेम धरा. रस्ता लागला की गाडी उजवीकडे आहे हे पक्कं असतं. थेट गाडीवर नेम धरून थोडं चुकलात, तर रस्त्यावर उभं राहून डावीकडे जायचं की उजवीकडे यावरच अर्धा तास जातो. मात्र हा रस्ता रणाच्या पलीकडे असेल तर रण ओलांडून जवळची वाट काढायची नाही. वरची मिठाची पापडी कडक दिसते, खाली चिखल असतो, आणि पावसाळ्यात भरलेलं रण डिसेंबरातही सगळीकडे वाळलेलं नसतं.

काट्यांबद्दल जास्त लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात त्यांच्याबद्दल काहीच नाही. गांडो बावळ, म्हणजे आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो ती, वनखात्याने 1960च्या दशकात खारेपणा रोखायला बन्नीच्या गवताळ भागात लावली आणि ती सगळीकडे पसरली. तिचा काटा हलक्या, स्पंजसारख्या तळव्यातून आरपार तळपायात शिरतो. धावायचे बूट चालणार नाहीत. जाड, कडक रबरी तळवा हवा. पूर्ण लांबीची जाड पँट, पूर्ण बाह्या, बागकामाचे हातमोजे, चिमटा, आणि एक काठी. मोजे लोकरीचे नकोत, कुसळं त्यांत घुसून बसतात. थोराच्या झुडपात घुसायचं नाही. फांदी मोडली तर चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, गेला तर भरपूर पाण्याने धुवा. गुग्गुळाची झुडपं दिसतील, ती दुर्मीळ होत चालली आहेत, आधाराला धरू नका. वेड्या बाभळीची दाट जाळी लागली तर लढू नका, वळसा घाला. शंभर मीटरची जाळी पाऊण तास खाते.

फुरसं या दगडांत असतं. हिवाळ्याच्या सकाळी उन्हाला येऊन बसतं, रंग दगडासारखाच. जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, पाय ठेवायचा नाही. दगड ओलांडताना आधी दगडावर पाय, मग पलीकडे पाहून खाली. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. हात-पाय हलू न देता आधार द्या, अंगठी-घड्याळ काढा, 108 किंवा 112 ला फोन करा आणि माणसाला कमीत कमी चालवत खाली आणा. फोनला रेंज असेलच असं नाही. म्हणून आदल्या दिवशीच जवळचा दवाखाना कुठे, तिथे सर्पविषावरचं इंजेक्शन असतं का, हे विचारून ठेवा.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, एकामागे एक सरळ रेषेत चालू नका. वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या गुडघ्यावर येतो. तिरके चला किंवा अगदी जवळजवळ राहा, म्हणजे दगडाला वेग घ्यायला जागा मिळत नाही. दगड सुटला की लाज न बाळगता ‘दगड!’ असं ओरडा. उतरताना पाऊल आडवं, काठी खालच्या बाजूला.

वाटाड्या हवा का? हवा, पण शहरातून आणलेला नको. मालधारी लोक त्याच डोंगरावर शेळ्या-मेंढ्या घेऊन रोज असतात. गावात चहाला बसा, तुमचं गुजराती तिथे चालतं, बडोद्याहून आलो म्हटलं की गप्पा सुरू होतात. त्यांना ‘वर कसं जायचं’ असं विचारू नका, ते म्हणतील कुठूनही जा. ‘जनावरं कुठून खाली आणता’ असं विचारा. उतरणीचं खरं उत्तर तिथे मिळतं. ढोरवाटा दिसतील, त्यांच्यावर फार विसंबू नका. त्या डोंगराला आडव्या जातात, पाण्याला किंवा गोठ्याला पोचवतात, माथ्याला नाही. माथ्यावर दगड रचून खुणा करू नका. पुढचा माणूस तुमच्या खुणेने भलत्याच सोंडेवर उतरेल. सोबत आलेल्याला दिवसाची मजुरी आधी ठरवून द्या.

जायच्या आधी एक सराव. पावागढला माचीपर्यंत गाडीने आणि पुढे उडनखटोल्याने न जाता खाली चांपानेरपासून पायी चढा, पाठीवर पूर्ण चार लिटर पाणी आणि पायात तेच बूट घालून. उंची आठशे मीटरच्या घरात, म्हणजे कच्छातल्या कुठल्याही डोंगरापेक्षा जास्त. उतरताना गुडघे बोलायला लागले तर महिनाभर अजून वेळ आहे.

आणि भाचा. धिणोधरच्या वाटेवर खुशाल न्या. दुसऱ्या दिवशीच्या वाट नसलेल्या टेकडीवर एका अटीवर: परत फिरू म्हणायचा हक्क त्यालाही इतरांइतकाच, आणि तो म्हणाला की कुणी समजूत घालायची नाही. त्याचं एक लिटर पाणी त्याच्याच पाठीवर, बाकीचं मोठ्यांनी वाटून घ्यायचं. गळ्यात शिट्टी द्या आणि सगळ्यांनी ठरवून ठेवा, तीन शिट्ट्या म्हणजे मदत. उतरताना त्याला सगळ्यांत पुढे सोडू नका. मुलं घसाऱ्यावर धावतात. घरी एका माणसाला डोंगराचं नाव, सोंडेची दिशा, गाडीचा नंबर आणि ‘सात वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळव’ एवढं लिहून द्या. भुजला गाडी चालवत जाणं म्हणजे साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर आणि दुसऱ्या दिवशी जड पाय. त्यापेक्षा रात्री बडोद्याहून सयाजीनगरी एक्स्प्रेस पकडा, सकाळी भुजला उतरा आणि तिथून जीप करा. रणोत्सवामुळे डिसेंबरात तिकिटं भराभर जातात, ती आत्ताच काढून ठेवा.